लुटुपुटूचं मतदान

बाबांना जाऊन काही आठवडे झाल्यावर तिला भेटायला येणारी माणसं कमी झाली. येत राहिली ती दोनच. एक आत्या, कारण ती वरच्याच मजल्यावर राहत होती आणि न येणं तिला जमलंच नसतं. आणि दुसरे दातांचे डॉक्टर, ज्यांचा दवाखाना बाबांच्या चष्म्याच्या दुकानाला अगदी लागून होता. एका संध्याकाळी दोघं मिळून आली आणि सोफ्याच्या कडेवर अवघडून बसली, तेव्हा तिला वाटलं, दुकानाच्या किल्ल्यांबद्दल काहीतरी असणार. तळमजल्यावरचं ते दुकान विकलं गेलं होतं. महिनाअखेर नवा मालक ताबा घेणार होता.

"किल्ल्या असू देत तुझ्याकडेच," आत्या म्हणाली. "रविवारी मतदान आहे."

"कुठलं?"

"ते गं, बेटांचं. मिशीवाले आणि शाळेतल्या बाई."

डॉक्टरांनी देशाचं नाव सांगितलं. आत्याला ते नीट उच्चारता येत नसे. आणि खरं सांगायचं तर, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवूनही, नकाशावर तो देश कुठे आहे हे तिलाही बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

प्रकार असा होता. दूरच्या कुठल्याशा शहरातल्या एका मंडळाच्या डोक्यात आलं की एका देशाच्या निवडणुकीची फळं साऱ्या जगाला चाखावी लागतात, तर मग साऱ्या जगाला त्यात मत का नसावं? तेव्हापासून कुठेही निवडणूक असली की बाकीच्या जगातल्या हौशी माणसांनी आपापलं मत या मंडळाकडे नोंदवायचं. खऱ्या मतदानाच्या आदल्या दिवशी मंडळ तो आकडा जाहीर करी आणि त्या देशातल्या वर्तमानपत्रांना कळवी. वर्तमानपत्रं तो हवामानाच्या शेजारी छापत, बहुधा छापतच नसत. या मताला कायद्याने काडीचीही किंमत नव्हती.

बाबा या कल्पनेच्या प्रेमातच पडले होते. आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस दुर्मीळ असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बहुतेक जण समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात आणि मग वर्षभर डोकं धरून बसतात. मंडळाकडे मत फोनवरूनही देता येई, पण दात घासता घासता दिलेलं मत बाबांना मंजूर नव्हतं. त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत रीतसर केंद्र उघडलं. चौकातली छापखानेवाली बाई मतपत्रिका छापून देई, चष्म्यांच्या खोक्याची पेटी होई, डोळे तपासायच्या खोलीचा पडदा मतदानाचा पडदा होई, आणि शेवटी डॉक्टर सगळी मतं संगणकावर चढवत.

तिचा विषयच मतदानपद्धती हा होता. अशा प्रतीकात्मक मतदानाने नागरिकत्वाची कल्पना कशी पातळ होते, यावर तिने एक निबंधही वाचला होता. ज्या परिषदेत वाचला, तिथून तो पुढे कुठे गेला नाही. बाबांना मात्र तिने ते सगळं सोपं करून सांगितलं होतं, कच्च्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या मऊ आवाजात: बाबा, हे लुटुपुटूचं आहे हो. बाबांना तो शब्द इतका आवडला की पुढच्या खेपेला दुकानाच्या दारावर पाटी लागली, "आज लुटुपुटूचं मतदान. येताना चष्मा आणावा."

"तर यंदा केंद्राध्यक्ष तू हो," आत्या म्हणाली. "शेवटचंच आहे. नवा मालक काही मागची खोली देणार नाही. तो तिथे गॉगल ठेवणार आहे."

"आत्या, मला खरंच..."

"आणि तुमच्या बाबांचं मत आहे, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी नोंदणी आधीच करून ठेवली होती. मंडळाकडे अजून नाव आहे त्यांचं. ते वाया घालवायचं का, असा प्रश्न आहे."

ती नाही म्हणणार होती. वाक्य तयारही होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"ते मी देते."

"तू? तुला काय माहीत दादा कुणाला देणार होता?"

"माहितीये."

ती हे ज्या सुरात म्हणाली तो सूर तिने एरवी फक्त परीक्षकांशी वाद घालताना वापरला होता. कपडे देऊन झाले होते, बँकेची कामं उरकली होती, औषधं केमिस्टकडे परत गेली होती. बाबांच्या नावाने करण्यासारखं एवढं एकच काम जगात उरलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ द्यायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. शिवाय तिच्याकडे पुरावा होता. आजारी पडायच्या थोडेच दिवस आधी बाबा फोनवर भरभरून बोलले होते. शाळेतल्या बाईच निवडून यायला हव्यात. मोठ्या जहाजांसाठी बंदर खोल करायला निघालेत मिशीवाले, मग लहान होड्यांनी जायचं कुठे? ती तेव्हा उत्तरपत्रिका तपासत होती आणि फोन टेबलावर उताणा पडला होता. तरी होड्यांचं तिने नक्की ऐकलं होतं.

पुढचे काही दिवस तिने जे केलं ते तिच्या विद्यार्थ्यांनी पाहिलं असतं तर त्यांना हसू आवरलं नसतं. या असल्या मतदानाला अर्थ नाही हे सिद्ध करणारी बाई, त्यातल्या एका मताच्या तयारीसाठी कॉलेजातून रजा घेऊन बसली. त्या देशाची राज्यघटना वाचली. मिशीवाल्यांचे दोन्ही जाहीरनामे वाचले, आणि दुसऱ्यात मिशी थोडी कमी केलेली आहे हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही. बंदराच्या गाळाबद्दलचा एक लांबलचक अहवाल वाचला. बाबांना निरोप देताना तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, नातेवाइकांनी त्याची नोंदही घेतली होती. त्या अहवालातल्या प्रवाळावरच्या प्रकरणाशी मात्र ती हमसून हमसून रडली. रडून झाल्यावर चष्मा पुसला आणि तळटीपा वाचायला घेतल्या. शेवटी बाबांचं मत शाळेतल्या बाईंनाच कसं जातं, हे सांगणारं सात पानी टिपण तयार झालं. संदर्भसूचीसकट.

रविवारी सकाळी तिने दुकान उघडलं. काचेच्या कपाटांतल्या फ्रेमा तशाच रांगेने उभ्या होत्या, मालकाची वाट पाहत असल्यासारख्या. अर्थात फ्रेमा कुणाची वाट पाहत नसतात, असं तिने स्वतःला बजावलं, आणि खुर्च्या मांडायला घेतल्या. दहाएक माणसं आली. बहुतेक सगळी बाबांची गिऱ्हाइकं. आत्या जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीला काहीतरी ऐकवत आली.

या केंद्राच्या दोन रीती होत्या. पहिली म्हणजे, इथे कुणालाही नावाने पुकारत नसत. बाबांना माणसं चष्म्याच्या नंबरानेच लक्षात राहत, तेव्हा यादीही तशीच. "उणे साडेतीन, दोन्ही डोळे" म्हटलं की डॉक्टर हात वर करत. छापखानेवाली होती "जवळचं दिसत नाही, कबूल करत नाही."

दुसरी रीत भाषणाची. मत देण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची आणि त्यात ज्या उमेदवाराचं नाव निघेल त्याची बाजू मांडायची. मग मनातून तुम्ही कुणाचेही असा. बोलताना डोळे तपासायची ती जड, गोल लोखंडी चौकट नाकावर चढवायची. त्यात दुसऱ्या कुणाच्या तरी नंबराची भिंगं घातलेली असत, म्हणजे बोलणाऱ्याला समोरचं काही धड दिसत नसे. लोक खुशीत येऊन टाळ्या वाजवत. बाबा स्वतः, केंद्राध्यक्ष म्हणून, नमुना दाखवायला दोन्ही बाजूंनी बोलत.

"सुरू करायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक गोष्ट आधी," ती म्हणाली. "बाबांचं मत. ते मी देणार आहे. शाळेतल्या बाईंना."

छापखानेवालीने मतपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर ठेवला. "बाईंना का म्हणून? मला स्वतः म्हणाले, मिशीवालेच हवेत. पत्रिका छापायला टाकल्या त्याच दिवशी. बंदर खोल झालं नाही तर पोरं देश सोडून जाणार, हे काउंटरवर हात आपटून सांगितलं त्यांनी. माझी शाई सांडली."

"तुमचा गैरसमज झाला असेल."

"शाई सांडल्याचा?"

"मला तर ते दोघंही नको म्हणाले होते," डॉक्टर म्हणाले. "कोरी पत्रिका टाकणार म्हणाले. माझ्या खुर्चीत होते, दाढ भरत होतो. गुळणी करता करता बोलत होते, पण 'दोघंही नको' एवढं स्पष्ट कळलं."

"दाढेबद्दल बोलत असतील. दोन काढायच्या होत्या ना?" आत्या म्हणाली.

"अहो, दाढांना 'भ्रष्ट' कोण म्हणतं?"

दुकानात हशा पिकला. तिला राग आला, आणि आपल्याला राग आलाय याचाही राग आला. फोनवर झालेलं बोलणं तिने सांगितलं, होड्यांसकट. छापखानेवालीने शाईचा डाग पडलेली बाही दाखवली. उणे दोन नंबराचे एक गृहस्थ म्हणाले, मला तर बसथांब्यावर भेटले होते, बाईंबद्दल चांगलं बोलत होते, पण बस आली.

"तालीम करत होता तो," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"नमुन्याची भाषणं असत ना त्याची? घरात म्हणून दाखवायचा. मग जो सापडेल त्याला. वाण्यालाही सोडायचा नाही. मला दोन्ही ऐकवली. दोन्ही चांगली होती."

म्हणजे फोनवरचं ते भरभरून बोलणं तालमीतलं होतं. ती एकटी नव्हे, अर्धा मोहल्ला बाबांच्या खास विश्वासातला होता. हे इतकं उघड होतं, की खरं म्हणजे तिथेच विषय मिटायला हवा होता. पण ज्यांना दुसऱ्यांच्या देशाचा कारभार सुट्टीच्या दिवशी हाकायची सवय, ती माणसं इतक्यात थोडीच थांबणार. डॉक्टरांनीच तोडगा काढला.

"मतदान घेऊ. दादांचं मत कुणाला जायचं, यावर."

"मतावर मतदान?" ती म्हणाली. "हे कुठल्या नियमात बसतं?"

"मॅडम, मुळात इथलं काय कुठल्या नियमात बसतं?"

तिने गुप्त मतदानाची अट घातली आणि आपलं टिपण आधी वाचायची परवानगी मागितली. मनातून ती निर्धास्त होती. सात पानांपुढे बसथांबा टिकणार नव्हता. चौकट नाकावर चढवायला आत्याने भाग पाडलं, रीत म्हणजे रीत. भिंगांमागून कागद पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसत होता. तरी ती वाचत गेली. गाळ, प्रवाळ, घटनेतलं कलम. तिसऱ्या पानावर ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल की होड्यांना दुसरा धक्का बांधून देता येईल..."

"आम्ही कुठे काय म्हणालो?" छापखानेवाली म्हणाली.

"नाही, म्हणजे, असा आक्षेप येऊ शकतो."

पाचव्या पानावरही असंच एक "तुम्ही म्हणाल" होतं. सहाव्यावर दोन. ती ते गिळून पुढे वाचत गेली. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण संपलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

निकाल लागला. मिशीवाले सहा, कोरी पत्रिका दोन, शाळेतल्या बाई दोन. त्यातलं एक मत तिचं स्वतःचं होतं. दुसरं आत्याचं असावं, दयेपोटी.

"फेरमोजणी," ती म्हणाली.

"दहा चिठ्ठ्या आहेत, मॅडम."

"तरी."

आयुष्यभर वर्गात उभं राहून जनादेशाचा आदर करायला शिकवणारी बाई, चष्म्याच्या खोक्यातून निघालेल्या दहा चिठ्ठ्या पुन्हा मोजून घेत होती. मोजल्या. मिशीवाल्यांच्या सहाच निघाल्या. मग तिने मतदारांना प्रश्नच नीट कळला नव्हता असा मुद्दा काढला. मग मोहिमेसाठी वेळ अपुरा होता असा. मग आत्या म्हणाली, "बये, हरलीस. आता जा आणि दादाचं मत टाकून ये, आम्हाला जेवायला घरी जायचंय." आणि ती मतपत्रिका आणि पेन्सिल घेऊन पडद्याआड गेली.

आतली खोली अरुंद आणि काळोखी होती. एका टोकाला उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला अक्षरांच्या ओळींचा फलक, मागून दिवा लावलेला. भिंगांच्या पेटीचा ट्रे नव्या मालकासाठी सुतळीने बांधून ठेवला होता. ती खुर्चीवर बसली. मिशीवाल्यांपुढे खूण केली तर तो बहुमताचा कौल. बाईंपुढे केली तर चोरी, पण कधीच न पकडली जाणारी. पडदा नेमका कशासाठी असतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. तिने पेन्सिल बाईंच्या नावापुढे धरली.

आणि ती थांबून राहिली. बराच वेळ गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ती कशाची तरी वाट पाहतेय. सात पानं तिने या दहा जणांसाठी लिहिली नव्हती. ती एका माणसासाठी लिहिली होती, ज्याने मध्येच तोडून म्हणावं, "ते ठीक आहे गं, पण धक्क्याचं काय?" मग तिने उत्तर द्यावं. त्यावर त्याने पुन्हा काहीतरी काढावं. सगळे आक्षेप तिने तिकडून येणारे धरले होते, त्यांना उत्तरं तयार ठेवली होती, आणि टिपण संपेपर्यंत एकही आला नव्हता. बाबा कुणाला मत देणार होते हे तिला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. कदाचित त्यांचंही ठरलं नसेल. रविवारी या खुर्चीवर बसून ठरवू, असं म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं असेल, आणि मग रविवार आला तेव्हा ते नव्हते.

कागद कोरा होता तोवर ते अजून ठरवत होते. तिला वाटलं, इथेच बसून राहावं. नवा मालक येऊन गॉगल मांडेल, तिच्याभोवतीच मांडेल.

बाहेर डॉक्टर खोकले. "मॅडम, इतरांचंही मतदान आहे."

ती पडदा सारून बाहेर आली. खोक्यापाशी गेली नाही. टेबलामागे, बाबांच्या जागी, उभी राहिली, आणि मतपत्रिका दुमडून यादीखाली ठेवली.

"केंद्राध्यक्ष म्हणून सांगते," ती म्हणाली. "मतदार मृत आहे. मृत मतदाराचं मत दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मुलीलाही नाही. नाव वगळलं आहे."

छापखानेवालीने मांडीवरचा गठ्ठा सारखा केला. उणे दोन नंबरवाले गृहस्थ आपला चष्मा काढून पुसू लागले, स्वच्छ होता तरी.

"पण सहा जणांनी..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

"राहू द्या हो," आत्या म्हणाली. ती भाचीकडे बघत होती. "दादा गेला, हे तुला आज कळलं का?"

"हो," ती म्हणाली. "बहुतेक आजच."

आत्याने मान हलवली. मग पदर सावरला, काठी जवळ ओढली आणि खुर्चीत सरळ बसली. "बरं. भाषणं आज पुरे झाली. पुढचं पुकार मग."

तिने यादीत पाहिलं. वर्गात हजेरी घेताना लागतो तो आवाज तिने शोधला. तो सापडला, थोडा खरखरीत होता, पण चालण्यासारखा होता.

"अधिक तीन. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाही."

"हजर," आत्या म्हणाली, आणि काठी टेकत, कुणाचाही हात न घेता, पडद्याआड गेली.

ती बराच वेळ बाहेर आली नाही. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, पण या वेळी ते खोकले नाहीत.